मोत्यासारखा थेंब कुचकामाचा!

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, ही म्हण शेतात तणनाशक फवारणाऱ्याला फार महागात पडते. पानावर मेणाचा पातळ लेप असतो. पाण्याचा पृष्ठताण मोठा, म्हणून थेंब आक्रसून गोल होतो नि घरंगळतो. औषध मातीत, तण जागच्या जागी!

मी अळवाच्या पानावर साध्या पाण्याचा थेंब सोडला, तो पळाला. साबणाच्या पाण्याचा मात्र पसरून बसला. शेतकरी ज्याला ‘स्टिकर’ म्हणतात, तो हेच काम करतो. पाण्याचा ताण सेंटीमीटरला ७२ डाइनवरून तिशीच्या आसपास येतो, थेंब पसरतो आणि औषधाला मेणातून वाट मिळते.

मग स्टिकर दुप्पट का घालू नये? ग्लायफोसेट पानातून लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत उतरावे लागते. पानच आधी करपले, तर वाट बंद! शिवाय हा सोबती निरुपद्रवी नव्हे. ग्लायफोसेटमध्ये मिसळले जाणारे ‘पीओईए’ हे द्रव्य पाण्यातल्या जीवांना खुद्द ग्लायफोसेटहून घातक ठरले. युरोपीय संघाने २०१६ साली ग्लायफोसेटच्या औषधांत ते घालण्यास बंदी केली.

तेव्हा वाचकहो, डब्यावरचे माप पाळावे आणि पंप ओढ्यात धुऊ नये. तिथे बेडकांची पिले पोहत असतात!