अक्षरांनीं ऐकावें, शब्दांनीं पाहावें

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या आरंभीं अशी कथा आहे कीं, इंद्रादि देवांनीं ब्रह्मदेवाजवळ एक खेळणें मागितलें. तें एकाच वेळीं दृश्यहि असावें व श्राव्यहि असावें, आणि त्याचा लाभ सर्व वर्णांना घेतां यावा, अशी त्यांची अट होती. म्हणूनच नाट्यास पांचवा वेद म्हणतात. आज हें खेळणें घरोघर भिंतीवर टांगलेलें आहे. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारख्या सेवा इंटरनेटच्या द्वारें हवा तो चित्रपट हव्या त्या घटकेला दाखवितात. परंतु ज्या मनुष्याजवळ नेत्र व कर्ण यांपैकीं एकच इंद्रिय शाबूत आहे, त्यानें काय करावें, हा प्रश्न देवांनींहि विचारला नव्हता. तो विचारण्याची पाळी आतां आपली आहे.

हा प्रश्न परक्यांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. २०११ च्या जनगणनेंत दृष्टिहीन व कर्णबधिर यांची नोंद प्रत्येकीं सुमारें ५० लक्ष आहे. वार्धक्यामुळें ज्यांचें ऐकणें हळूहळू मंदावतें, त्यांतील कित्येकांची तर कोठें नोंदच होत नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घर पडद्यासमोर बसतें. मुलें हांसतात, आणि त्यांचे चेहरे पाहून आजोबाहि हांसतात. ‘काय म्हणाला तो?’ असें ते दोनदां विचारतात. तिसऱ्यांदा विचारीत नाहींत. मग ‘झोप आली’ म्हणून उठून जातात. त्यांना झोप आलेली नसते, हें घरांतील सर्वांस ठाऊक असतें.

यावरील उपाय नवा नाहीं. अमेरिकेंत बोस्टन येथील डब्ल्यूजीबीएच केंद्रानें १९७२ सालीं ज्यूलिया चाइल्ड यांच्या पाककलेच्या कार्यक्रमाखालीं बधिरांसाठीं अक्षरें दाखविलीं. १९८० पासून तेथें, ज्याला हवीं त्यालाच दिसतील, अशीं ‘मिटलेलीं’ कॅप्शन सुरू झालीं. केवळ संवादांचें भाषांतर देणारें सबटायटल वेगळें आणि कॅप्शन वेगळें. कोण बोललें, बाहेर कडी वाजली, दूर कोठें मूल रडलें, हेंहि कॅप्शनानें सांगावयाचें असतें. रहस्यकथेंत कडी वाजल्याचें कळलें नाहीं, तर नायक दचकून मागें कां वळला, हें कसें उमगावें? शिवाय अक्षरें वाचून होईतों टिकावीं, मागील चित्रांत मिसळूं नयेत, आणि तीं मोठीं करण्याची सोय असावी.

दृष्टिहीनांसाठीं संजयाची योजना आहे. धृतराष्ट्राला संजयानें जसें रणांगण शब्दांनीं दाखविलें, तसा एक आवाज संवादांच्या मधल्या विरामांत सांगत जातो : ती पत्र फाडते, तो दाराशीं थबकतो. या श्राव्य वर्णनाची मर्यादा मात्र कडक आहे. संजयानें राजाला चार बोधाच्या गोष्टीहि सुनावल्या. वर्णनकारानें तसें करूं नये. त्यानें संवादावर बोलूं नये, आणि रहस्य आधींच फोडूं नये. २०१५ च्या एप्रिलमध्यें नेटफ्लिक्सनें ‘डेअरडेव्हिल’ ही मालिका आणली. तिचा नायक अंध, आणि अंध प्रेक्षकांसाठींच तींत वर्णन नाहीं! ओरड झाली, तेव्हां कांहीं दिवसांतच कंपनीनें वर्णनाची सोय तिच्यापासूनच सुरू केली.

आंत मेजवानी आहे, पण दारच उघडत नाहीं, अशीहि अवस्था होते. दृष्टिहीन मनुष्य फोनमधील वाचक-आवाजाच्या साहाय्यानें पडदा ‘ऐकतो’. ॲप रचणारानें बटणांना नांवें दिलीं नसतील, तर त्याला केवळ ‘बटण, बटण’ एवढेंच ऐकूं येतें. लखलखाटाचेंहि असेंच आहे. १९९७ च्या डिसेंबरांत जपानमध्यें ‘पोकेमॉन’चा एक भाग पाहतांना झपाट्यानें बदलणाऱ्या तांबड्यानिळ्या प्रकाशामुळें ६०० हून अधिक मुलांना रुग्णालयांत न्यावें लागलें. एका सेकंदांत ३ हून अधिक लखलखाट नसावेत, हा वेबविषयक आंतरराष्ट्रीय नियम अशाच धोक्यासाठीं आहे.

‘इतक्या थोड्यांसाठीं एवढा खर्च कां?’ असें कोणी विचारील. २०११ सालीं अमेरिकेंतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनें नेटफ्लिक्सवर दावा लावला. अपंगांविषयींचा कायदा दुकानाला व नाट्यगृहाला लागू, इंटरनेटला नव्हे, हा कंपनीचा बचाव न्यायालयानें २०१२ सालीं अमान्य केला. आणि २०१४ पर्यंत सर्व कार्यक्रमांना कॅप्शन देण्याचें तिनें कबूल केलें. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमांत श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा व कॅप्शन या तिन्हींचा उल्लेख आहे. त्याच आधारें दृष्टिहीन व कर्णबधिर अर्जदार न्यायालयांत गेले, आणि जानेवारी २०२३ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें ‘पठाण’ या चित्रपटाच्या ओटीटीवरील प्रदर्शनासाठीं कॅप्शन व वर्णन तयार करण्याचा आदेश दिला. जें मिळालें तें मागितल्यावर मिळालें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आमचें खरें दुखणें पुढेंच आहे. कित्येक मराठी चित्रपटांखालीं अक्षरें असतात, पण तीं इंग्रजी! ज्या आजोबांचा जन्म मोडी व बाळबोध वाचण्यांत गेला, त्यांच्या मायबोलींतील चित्रपट त्यांना परभाषेंत वाचावा लागावा, ही कोणती सोय? बोलली जाते त्याच भाषेंत अक्षरें दिल्यास नवशिक्यांचा वाचनाचा सराव वाढतो, ही कल्पना अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनीं १९९६ पासून पुढें मांडली. म्हणजे मराठी कॅप्शनांचा लाभ आजोबांना जितका, तितकाच इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या नातवालाहि.

म्हणून गृहस्थांस आमची विनंती एवढीच : आज रात्रीं पडद्यावरील ध्वनि व सबटायटल यांची यादी उघडून पाहा. मराठी अक्षरें असतील तर लावा व मोठीं करा. नसतील तर वर्गणी घेणाऱ्या कंपनीस तसें स्पष्ट लिहा. ही खटपट घरांतील तरुणांनीं करावी. वडीलधाऱ्यांना तिसऱ्यांदा विचारण्याचा संकोच वाटतो. त्यांच्या वतीनें विचारण्यास आपल्याला वाटण्याचें कारण नाहीं.