सिनेमातले संवाद ऐकू येत नाहीत? आधी टीव्हीची सेटिंग बघा

दिवाळीला काटोलला घरी गेलो होतो. रात्री ओटीटीवर सिनेमा लावला, तर दर दोन मिनिटांनी बाबा विचारायचे, "काय म्हणला रे तो?" आवाज वाढवला की पुढच्या मारामारीत आजी दचकून जागी व्हायची. शेवटी बाबा म्हणाले, "आता कानाले मशीन लावा लागते वाटते," आणि उठून गेले.

पण दोष फक्त कानाचाच असतो असं नाही. 2024 मध्ये 'कंगुवा' या तमिळ सिनेमाच्या कर्कश आवाजाबद्दल इतक्या तक्रारी आल्या, की निर्मात्यांनी थिएटरवाल्यांना आवाज दोन पॉइंट कमी करायला सांगितलं. ऑस्कर विजेते रसूल पूकुट्टी यांनीही जाहीर नाराजी दाखवली.

मग घरी नेमकं काय होतं? 5.1 साउंडमध्ये सहा चॅनेल असतात आणि संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये. थिएटरमध्ये त्यासाठी पडद्यामागे वेगळा स्पीकर असतो. आपल्या टीव्हीला बहुतेक वेळा दोनच स्पीकर, तेही खाली किंवा मागे तोंड केलेले. सहाही चॅनेल त्यात कोंबले, की संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात.

दुसरी गोष्ट म्हणजे डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर. साधारण 10 डेसिबल वाढले की आवाज दुप्पट मोठा वाटतो. शांत थिएटरमध्ये कुजबुजही ऐकू येते. घरी ती पंख्याच्या घरघरीत हरवते. रिमोटने आवाज वाढवला तर कुजबुज आणि स्फोट दोन्ही सारखेच वाढतात, अंतर तेवढंच राहतं.

म्हणून हे करून बघा:

1. ॲपच्या ऑडिओ मेनूत 5.1 ऐवजी स्टिरिओ निवडा.
2. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'नाइट मोड'सारखा पर्याय असेल तर चालू करा. नाइट मोड मोठे आवाज दाबतो, हळू आवाज वर आणतो.
3. प्राइम व्हिडिओवर काही सिनेमांना 'डायलॉग बूस्ट' मिळतो.
4. साउंडबार घ्यायचाच असेल तर सेंटर चॅनेलवाला घ्या.

समोरासमोर बोलतानाही ऐकू येत नसेल, तर मात्र कान तपासून घ्याच. बाबांना फोनवर आणि अंगणात सगळं नीट ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन सेटिंग बदलल्या आणि त्यांनी तोच सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. "काय म्हणला" दोनदाच विचारलं.