कुत्र्या-मांजराला दवाखान्यात नेताना ते तुम्हालाच चावलं तर

मागच्या पावसाळ्यात आमचे एक नेहमीचे पेशंट खोकल्यासाठी आले. तपासताना मनगटावर दातांच्या खुणा दिसल्या. "काही नाही डॉक्टर, तीन दिवसांपूर्वी कुत्र्याला इंजेक्शन द्यायला नेलं होतं. मी धरलं होतं, घाबरून दात लावले त्याने. घरचाच आहे, लस दिलेली आहे." कार्ड मागवलं. रेबीजच्या लसीची शेवटची नोंद ३ वर्षांपूर्वीची होती.

एरवी मांडीवर झोपणारं मांजरसुद्धा प्राण्यांच्या दवाखान्यात अनोळखी वास, भुंकणं आणि सुई यांमुळे बिथरतं. अशा वेळी चावतं ते सगळ्यात जवळच्या माणसाला. पशुवैद्य प्राण्यावर उपचार करतात. तुमच्या जखमेसाठी मात्र त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे यावं लागतं, आणि नेमकं हेच राहून जातं.

आधी जखम धुवा

साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं. तिथल्याच बेसिनवर धुवा, घरी पोचेपर्यंत थांबू नका. विषाणू नसांमध्ये शिरण्याआधी जितका धुऊन निघेल तितका बरा. मग पोव्हिडोन आयोडिन लावा. हळद, चुना, तिखट, तेल यांतलं काहीही नको, घट्ट पट्टीही नको. टाके आम्हीसुद्धा शक्यतो लगेच घालत नाही. मांजराचा चावा टोचल्याएवढाच दिसतो, पण दात सुईसारखे असल्याने जंतू खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी बोट सुजतं. त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कधी अँटिबायोटिकही लागतं.

लस कोणाला?

धड त्वचेवर नुसतं चाटलं असेल तर लस नको. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर रेबीजची लस घ्यायची. रक्त आलं असेल, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात, आधीच्या जखमेत गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, कारण लसीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात आणि तेवढ्या काळासाठी तयार संरक्षण हवं. पोटात १४ इंजेक्शनं घ्यायचा काळ केव्हाच गेला. आता लस दंडात देतात. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. गरोदर बायकांनाही ती देता येते.

प्राण्याचं कार्ड पूर्ण असलं तरी लस सुरू करा आणि प्राण्यावर १० दिवस लक्ष ठेवा. कुत्रा किंवा मांजर १० दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता. मग पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर ठरवतील. पण १० दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असं करू नका. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. चावून बरेच दिवस झाले असतील तरी या, उशीर झाला म्हणून आम्ही लस नाकारत नाही. आमच्या पेशंटना त्याच दिवशी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं. खोकल्याचं औषध नंतर.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कुत्रा किंवा गाय खात-पीत नाही, लाळ गळते, आवाज बदललाय, म्हणजे "घशात हाड अडकलं असेल" किंवा "काहीतरी अडकलंय" असं म्हणून लोक सरळ तोंडात हात घालतात. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडले की प्राणी नेमका असाच दिसतो. हात घालू नका. प्राण्यांच्या डॉक्टरांना आधी फोन करून लक्षणं सांगा.

दवाखान्यात जाताना मांजर बंद टोपलीत न्या. कुत्र्याला पट्टा आणि तोंडाला जाळी लावा. धरायला लहान मुलांना देऊ नका. ओरडा बसेल म्हणून मुलं ओरखडे लपवतात, तेव्हा घरी आल्यावर त्यांचे हात-पाय बघा. तुम्ही पूर्वी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स घेतला असेल, तर पुन्हा चावल्यावर दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. म्हणून तुमचा लसीचा कागदही प्राण्याच्या कार्डासोबतच ठेवा.