रिकामे हात आणि जड मन

आपल्याकडे म्हण आहे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ती ऐकून आपण हसतो. पण गिऱ्हाईक नसलेल्या त्या न्हाव्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. बेकारीचा हिशेब आपण फक्त पैशांत मांडतो. काम गेले, मजुरी गेली. बाकी माणूस घरी बसून आराम करतो आहे, असे आपण समजतो. हा आराम कसा असतो, ते आज पाहू.

ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल नावाची गिरणीकामगारांची वस्ती आहे. तेथील सारे लोक एका कापड गिरणीवर जगत. जगभर मंदी आली आणि १९२९-३० मध्ये ती गिरणी बंद पडली. गावातल्या ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबांत एकही माणूस कामावर उरला नाही. १९३१-३२ च्या सुमारास मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण अभ्यासक आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले. नुसती वही-पेन्सिल घेऊन नव्हे, तर गावाच्या उपयोगी पडत. त्यांनी लोकांसाठी कपडे गोळा केले, शिवणकामाचे वर्ग चालवले, आणि त्याबरोबर गावाचे जीवन बारकाईने पाहिले.

त्यांना काय दिसले? आता वेळच वेळ होता, तेव्हा लोक जास्त वाचत असतील, असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच. वाचनालयात पुस्तकाला पैसे पडत नसतानाही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. रस्त्यावर पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत. बायका मात्र भरभर चालत, कारण चूल, मुले, धुणी-भांडी ही कामे काही सुटली नव्हती. दिवसभर काय केले, हे पुरुषांना धड सांगता येईना. सकाळ कुठे गेली आणि दुपार कुठे, पत्ताच नाही! बहुतेक कुटुंबांनी कशीबशी जुळवून घेतली होती. पण उद्याचे बेत करणे मात्र सोडले होते.

असे का व्हावे? याहोडाबाईंनी पुढे याची फोड केली. नोकरी मजुरी देतेच, पण न मागता आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला वेळापत्रक मिळते. घराबाहेरच्या माणसांशी संबंध राहतो. चार जणांच्या कामात आपलाही वाटा आहे, असे वाटते. समाजात एक ओळख मिळते. आणि हातपाय हलते राहतात. काम सुटले की या पाचही गोष्टी एकदम सुटतात. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाऊस लांबला की गोठ्यापाशी बसलेल्या माणसाला काही सुचत नाही. तो काही विश्रांतीचा आनंद घेत नसतो.

अलीकडचे संशोधनही हेच सांगते. जर्मनीत १९८४ पासून त्याच त्या कुटुंबांना दरवर्षी भेटून त्यांच्या जीवनाविषयी, समाधानाविषयी विचारतात. त्यावरून असे दिसले की नोकरी गेल्यावर समाधान जितके घटते, त्यातला थोडाच भाग उत्पन्न घटल्यामुळे असतो. आणि गंमत पाहा: बराच काळ बेकार असलेला माणूस निवृत्तीच्या वयाला पोचला, की पैशांत विशेष फरक न पडताही त्याचे समाधान वाढते. म्हणजे काल तो 'बेकार' होता, आज 'निवृत्त' झाला. दिवस तोच, पण डोक्यावरचे लाजेचे ओझे उतरले.

म्हणून बेकाराला नुसती मदत देऊन भागत नाही. त्याला काम हवे. आपल्या महाराष्ट्राने हा मार्ग फार पूर्वी धरला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव आणि नालाबांध बांधले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला: मागेल त्याला काम. पुढे २०२० साली त्याच मारिएनथालच्या परिसरात, वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्यांना हमीचे, पगारी काम देण्याचा प्रयोग झाला. त्यात उत्पन्नाबरोबर लोकांच्या दिवसाची घडी बसली, चार माणसांत मिसळणे वाढले, असे आढळले.

सरकारने काय करावे ते सरकार पाहील. पण आपल्या हाती काहीच नाही काय? आहे ना! शहरात परीक्षा देऊन, दोन-चार वर्षे घालवून परत आलेला पोरगा तुमच्या गावात असेल. लग्नकार्यात भेटला की लगेच "मग, सध्या काय करतोस?" असे विचारू नका. त्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही, म्हणून तर तो लग्नाला यायचे टाळतो. गुरुजींनो, तो तुमचाच जुना विद्यार्थी आहे. वाचनालय संध्याकाळी दोन तास उघडे ठेवण्याचे, सातवीच्या मुलांचे गणित घेण्याचे काम त्याच्यावर सोपवा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. त्याला फुकट राबवून मात्र घेऊ नका. जमेल तसे मानधन द्या. यातून पोट भरणार नाही, हे खरे. नोकरीची जागाही याने भरून निघणार नाही. पण पाच वाजले की त्याची कोणीतरी वाट पाहत असेल, आणि तो झपझप पावले टाकत निघेल.