मदीना ते जेद्दाह : परतीच्या वाटेवरची एक रात्र कुठे काढावी?

उमराहला जाणाऱ्या अनेक कुटुंबांचा कार्यक्रम साधारण एकाच साच्याचा असतो. आधी मक्का, मग मदीना आणि शेवटी जेद्दाहहून मुंबईचे विमान. मदीनेतील हॉटेलची खोली दुपारी सोडावी लागते आणि विमान असते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री. मधल्या या तासांचे काय करायचे, हे बहुतेक जण निघायच्या दिवसापर्यंत ठरवत नाहीत. मग टूरची बस रात्रीच विमानतळावर नेऊन सोडते आणि दादी-नानी, लहान मुले सामानाच्या ट्रॉलीला टेकून पहाट करतात. थोडा आधी विचार केला तर हीच रात्र बद्र पाहून समुद्रकिनारी शांतपणे घालवता येते.

काही वडीलधारे विचारतील, इबादतीसाठी गेलो होतो, मग हे फिरणे कशाला? प्रश्न रास्त आहे. सफर हा एक त्रासच आहे, तेव्हा काम आटोपले की माणसाने लवकर आपल्या घरच्यांकडे परतावे, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दुसरीकडे पृथ्वीवर फिरा आणि पाहा, असे कुरआन पुन्हा पुन्हा सांगते. दोन्ही ध्यानात ठेवून विचार केला तर उत्तर कठीण नाही. विमान उद्याचेच असेल तर वाटेत एक रात्र थांबल्याने घरी पोहोचायला उशीर होत नाही. पण केवळ फिरण्यासाठी तिकीट चार दिवस पुढे ढकलणे, त्यासाठी उसने पैसे घेणे किंवा घरी कोणी आजारी असताना रेंगाळणे ही वेगळी गोष्ट झाली. तसे असेल तर सरळ घर गाठावे.

पूर्वी उमराह व्हिसावर मक्का, मदीना आणि जेद्दाह एवढ्याच शहरांत जाता येत असे. आता इतर शहरांतही जाण्याची मुभा आहे. तरीही नियम बदलत असतात आणि ग्रुपबरोबर गेलेल्यांना ग्रुपचे वेळापत्रक पाळावे लागते. म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच एजंटशी बोलून घ्यावे. आणखी एक गोष्ट : मदीनेहून पुन्हा मक्केला जाऊन उमराह करण्याचा इरादा असेल तर जुल-हुलैफा येथे एहराम बांधावा लागतो. पुढील माहिती थेट घरी परतणाऱ्यांसाठी आहे.

बद्रमार्गे यंबू

मदीनेपासून जेद्दाह रस्त्याने चारशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे. बद्र गाव मदीनेच्या नैर्ऋत्येला सुमारे दीडशे किलोमीटरवर लागते. हिजरी सन 2, रमजानची 17 तारीख, म्हणजे इ.स. 624. सुमारे 313 मुसलमान एका बाजूला आणि हजाराच्या आसपास कुरैश दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी शहीद झालेल्या 14 सहाबांची नावे तेथे दगडावर कोरलेली आहेत. त्यांत सहा मुहाजिर आणि आठ अन्सार. शहीदांच्या कबरस्तानाला भिंत आहे, बाहेरून सलाम करून दुआ करावी. प्रेषित (स.) यांच्यासाठी जेथे झावळ्यांचा मांडव उभारला होता, तेथे आज मशीद-ए-अरीश आहे. मदरशात किंवा घरी बद्रची हकीकत ऐकलेल्या मुलांना ती टेकडी, ती वाळू आणि उघडे मैदान प्रत्यक्ष दाखवता येते. पुस्तकातील नकाशा पाहून अंतरे अशी कळत नाहीत.

बद्रहून पुढे तासाभराच्या वाटेवर लाल समुद्राचे बंदर यंबू आहे. येथे 1970च्या दशकापासून मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. देशाच्या पूर्वेकडील तेल नळाने येथपर्यंत येते. पण मुक्कामाला येणाऱ्याला आवडेल तो समुद्रकाठचा लांब फिरण्याचा रस्ता, बागा आणि जुन्या वस्तीतील प्रवाळी दगडांची घरे. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्य समुद्रात बुडतो. रत्नागिरी, रायगडच्या मंडळींना ते दृश्य ओळखीचे वाटेल. मदीनेहून जोहरनंतर लगेच निघाल्यास हिवाळ्यात असर बद्रमध्ये आणि मगरिब यंबूत मिळू शकते. गाडी ठरवताना यंबू अल-बहर, म्हणजे समुद्राकाठचे यंबू, असे स्पष्ट सांगावे. यंबू अल-नख्ल हे आतल्या भागातील वेगळे ठिकाण आहे.

अडचण दुसऱ्या दिवसाची आहे. यंबूहून जेद्दाह सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. म्हणजे साडेतीन-चार तासांचा प्रवास आणि वाटेतल्या थांब्यांचा वेळ वेगळा. विमान रात्रीचे असेल तरच हा मार्ग घ्यावा. विमान दुपारचे असेल तर ही धावपळ म्हाताऱ्यांच्या जिवावर येते.

रेल्वेने समुद्रकाठी

लांबचा मोटारप्रवास सोसत नसेल, तर 2018 साली सुरू झालेली हरमैन रेल्वे हा सोपा मार्ग आहे. सुमारे 450 किलोमीटरची ही लाइन मक्का आणि मदीना जोडते. गाडी ताशी 300 किलोमीटरपर्यंत धावते. वाटेत राबिगजवळ किंग अब्दुल्लाह इकॉनॉमिक सिटीचे स्टेशन आहे. ही समुद्रकाठची नवी, मोकळी वसाहत आहे. गर्दी फार कमी. येथे इतिहास नाही, बाजारही फारसा नाही. पण पंधरा दिवस गर्दीत काढलेल्या माणसाला किनाऱ्यावरची शांत रात्र हवी असेल तर ही जागा चांगली. सकाळी पुन्हा रेल्वेने थेट जेद्दाह विमानतळाच्या स्टेशनवर उतरता येते. या स्टेशनवर सगळ्याच गाड्या थांबतील असे धरू नये. दोन्ही तिकिटे आधी काढावीत, मगच हॉटेल ठरवावे.

जेद्दाहमध्येच मुक्काम

घरात कोणाचे गुडघे दुखत असतील किंवा तान्हे मूल असेल, तर सरळ जेद्दाहला येऊन मुक्काम करणे शहाणपणाचे. तेथील अल-बलद ही जुनी वस्ती 2014 पासून जागतिक वारसा यादीत आहे. प्रवाळी दगडाची उंच घरे आणि लाकडी जाळीचे सज्जे पाहत संध्याकाळी हळूहळू फिरता येते. 1995 पर्यंत मुंबईहून बोटीने जाणारे हाजी याच शहराच्या बंदरात उतरत. ज्यांचे आजोबा-पणजोबा बोटीने गेले, त्यांनी मुलांना हे अवश्य सांगावे.

ताइफ आणि अल-उला यांची नावे बरेच जण घेतात. दोन्ही ठिकाणे सुंदर आहेत, पण या वाटेवर नाहीत. ताइफ मक्केच्या पूर्वेला डोंगरात आहे, तेव्हा मक्केतील मुक्कामातच एक दिवस काढून जावे. अल-उला मदीनेच्या उत्तरेला, म्हणजे जेद्दाहच्या उलट दिशेला आहे.

ठरवताना

ठिकाण निवडताना कुटुंबातील सर्वांत अशक्त माणसाला आधी विचारावे. तरुण मुलगा यंबू म्हणेल, पण अम्मींना सलग दोन तास गाडीत बसवते का, त्यांची औषधे केव्हाची आहेत, हे पाहून मग निर्णय घ्यावा. अम्मी बहुधा "तुमच्या मर्जीप्रमाणे करा" असेच म्हणतील. ते होकार समजू नये. सुनेला किंवा मुलीला त्यांच्याशी बोलू द्यावे. रस्त्यात पेट्रोल पंपांजवळ मशीद आणि स्वच्छतागृह असते, पण स्वच्छता सगळीकडे सारखी नसते. याची कल्पना बायकांना आधी द्यावी.

मोठे सामान एकदाच बांधावे आणि रात्रीपुरते कपडे, औषधे, पासपोर्ट वेगळ्या पिशवीत ठेवावेत. जमजमच्या पाण्याबाबत विमान कंपनीचा नियम विचारावा, बाटली बॅगेत कोंबू नये. जेद्दाह विमानतळावर एकाहून अधिक टर्मिनल आहेत, म्हणून आपले विमान कुठून सुटते ते आदल्या दिवशी पाहावे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि किनाऱ्यावर दमटपणा असतो. जून ते सप्टेंबर या काळात दुपारी बाहेर पडण्याचा बेत करूच नये. नमाज कसर करण्याबद्दल शंका असेल तर घरून निघतानाच आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

विमानाच्या वेळेच्या चार तास आधी विमानतळावर पोहोचायचे, हे धरून घड्याळ उलटे मोजत यावे. त्या हिशेबात जे ठिकाण आरामात बसते, तेच आपल्या कुटुंबासाठी योग्य. विमान रात्रीचे आणि सगळे धडधाकट असतील तर बद्र आणि यंबू, थकवा असेल तर रेल्वे आणि समुद्रकाठ, आजारी किंवा तान्हे बरोबर असेल तर जेद्दाह.