वैनगंगेच्या खोऱ्यातील मुरमी वाटा आणि सायकल

मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा गोंदिया व भंडारा जिल्हे ओलांडून दक्षिणेकडे येते आणि बऱ्याच अंतरापर्यंत चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. पुढे चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते व तेथून हा संयुक्त प्रवाह प्राणहिता या नावाने ओळखला जातो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हे सर्व खोरे चंद्रपूर या एकाच जिल्ह्यात मोडत असे. भाताची बांधी, जुने मालगुजारी तलाव आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले साग-बांबूचे जंगल, हे येथील चित्र दोन्ही तीरांवर सारखेच आहे. त्या चित्रात आणखी एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे मुरमाच्या वाटेवरून जाणारी सायकल. शाळेत जाणारी मुलगी, बाजाराला निघालेला शेतकरी, मोहफुले वा तेंदूपाने वेचण्यास जाणारे कुटुंब, या साऱ्यांचे ते वाहन आहे. तथापि, रस्तेविकासाचा विचार करताना सायकल आणि तिची वाट यांची स्वतंत्र नोंद क्वचितच घेतली जाते.

डांबरी रस्ता हे प्रगतीचे लक्षण होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. रुग्णवाहिका, एस. टी. बस आणि धान्याची मालमोटार गावापर्यंत पोहोचलीच पाहिजे. परंतु ज्या रस्त्याने मोठी वाहने येतात, तो रस्ता सायकलस्वारास आपोआप सोयीचा होतो असे नाही. किंबहुना अनेकदा उलटेच घडते. सुरजागड येथील लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यानंतर एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गावर अवजड मालमोटारींची वर्दळ वाढली, आणि त्याच रस्त्याने शाळा व बाजार गाठणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आला. अशा ठिकाणी मुलांना कडेने चालवा, असा उपदेश पुरेसा नाही. त्यांना जाण्यास दुसरी वाट असली पाहिजे.

मानव विकास कार्यक्रमाखाली शाळेपासून ५ किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या, इयत्ता ८ वी ते १२ वीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना राज्याने हाती घेतली. त्याहून दूरच्या मुलींसाठी बसगाड्यांची सोय करण्यात आली. या प्रकारच्या योजनेचा परिणाम काय होतो, याचा उत्तम अभ्यास बिहारमध्ये झाला आहे. तेथे २००६ साली माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्यास प्रारंभ झाला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की, या योजनेमुळे मुलींच्या माध्यमिक शाळाप्रवेशात सुमारे ३२ टक्क्यांनी वाढ झाली, आणि मुलगे व मुली यांच्या प्रवेशातील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. विशेष म्हणजे, हा परिणाम प्रामुख्याने शाळेपासून ३ किलोमीटर वा त्याहून दूर असलेल्या गावांत दिसून आला. म्हणजेच अडथळा अंतराचा होता. आपल्याकडे सायकल मिळाली तरी नाल्यावर पाणी असेल, किंवा मालमोटारींच्या भीतीने पालक मुलीला पाठविण्यास धजत नसतील, तर ते अंतर कमी झाले असे म्हणता येणार नाही.

परदेशांत या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले गेले. स्पेनमध्ये वापरातून गेलेल्या लोहमार्गांच्या पट्ट्या सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी राखण्याचा कार्यक्रम १९९३ साली सुरू झाला आणि आज तेथे असे ३,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग आहेत. आपल्या खोऱ्यातही नॅरोगेज लोहमार्ग होते. पण येथील मार्ग टाकून दिले गेले नाहीत, त्यांचे रुंदीकरण झाले. नागपूर-नागभीड मार्गही २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठीच बंद करण्यात आला. तेव्हा त्या देशांचे अनुकरण जसेच्या तसे करता येण्यासारखे नाही. त्याची गरजही नाही, कारण आपल्याजवळ वेगळ्या तीन प्रकारच्या वाटा आधीपासूनच आहेत.

पहिली पांदण. शेतांमधून जाणाऱ्या, दोन्ही बाजूंस झुडपांचे कुंपण असलेल्या या बैलगाडीच्या वाटा गावनकाशावर नोंदलेल्या असतात, मात्र अतिक्रमणामुळे त्या पुष्कळ ठिकाणी अरुंद झाल्या आहेत. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना जाहीर केली, ती याच कारणासाठी. दुसरी वाट म्हणजे कालव्याची पाळ. गोसीखुर्द प्रकल्पाचा उजवा कालवा चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातून जातो. देखरेखीसाठी कालव्यालगत ठेवलेला रस्ता सपाट असतो, चढउतार जवळजवळ नसतात, आणि सायकलला याहून अनुकूल गोष्ट नाही. अर्थात, पाटबंधारे विभागाची अनुमती आणि पाण्याच्या बाजूस कठडा या दोन्ही बाबी आवश्यक आहेत. तिसरा प्रकार वनरस्त्यांचा. कुपातील लाकूड व बांबू बाहेर काढण्यासाठी वनविभागाने रस्ते आखले. कूप तोडून झाला की अशा रस्त्यावर वाहतूक उरत नाही. काही वर्षांत गवत माजते आणि मधोमध एक पायवाट तेवढी शिल्लक राहते. ती पायवाट बहुधा सायकलींनीच जिवंत ठेवलेली असते.

मुरूम आणि पाणी

सायकलच्या वाटेला डांबर लागत नाही. दोन सायकली आमनेसामने निर्वेध जाण्यास २ मीटर रुंदी पुरते, बाजूस थोडी मोकळी जागा धरल्यास अडीच मीटर. दाबल्यानंतर १० ते १५ सेंटीमीटर जाडी राहील असा चांगल्या मुरमाचा थर पुरेसा होतो. मुरूम निवडताना त्यात बारीक-मोठे खडे व त्यांना धरून ठेवणारी माती यांचे प्रमाण पाहावे. माती अधिक झाल्यास पावसाळ्यात राड होते, कमी झाल्यास उन्हाळ्यात खडे सुटे होऊन चाक घसरते. मुरूम ओलसर असतानाच त्यावर रोलर फिरला पाहिजे. कोरड्या मुरमावर फिरविलेला रोलर म्हणजे केवळ हजेरीपत्रकावरील काम होय. पश्चिमेकडील वरोरा-भद्रावती भागातील काळ्या जमिनीत हा थर खाली रुतत जातो, म्हणून तेथे आधी जाड भर घालणे भाग पडते. पूर्वेकडील भातपट्ट्यात ही अडचण तुलनेने कमी आहे.

खरा शत्रू पाणी. गडचिरोलीत सर्वसाधारणपणे १,३०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. वाटेचा मध्य उंच ठेवून दोन्ही बाजूंस प्रत्येक मीटरमागे सुमारे ४ सेंटीमीटर उतार दिला आणि कडेच्या नाल्या मोकळ्या ठेवल्या, तर मुरूम टिकतो. बैलगाडीच्या लोखंडी धावेने पडलेली चाकोरी वेळीच भरली नाही, तर तीच पुढल्या पावसात ओहळ बनते. १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी देणाऱ्या या राज्यात मातीकामाची परंपरा जुनी आहे. येथे उणीव आहे ती दर दिवाळीनंतर नेमाने करावयाच्या किरकोळ दुरुस्तीची. नवी वाट करण्यापेक्षा ती दुरुस्त राखण्यासाठी तरतूद मिळविणे कठीण जाते, हा सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे.

कायदा काय सांगतो

वनजमिनीवर हे काम कसे करावयाचे, असा प्रश्न ग्रामपंचायत सदस्य नेहमी विचारतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे आणि त्यांत रस्त्यांचा समावेश आहे. प्रत्येक बाबतीत जमीन १ हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या तिच्या मुख्य अटी आहेत. येथे एक साधे गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. ७ मीटर रुंदीचा रस्ता धरल्यास १ हेक्टरात सुमारे १,४०० मीटर लांबीच बसते. अडीच मीटरची सायकलवाट त्याच मर्यादेत जवळजवळ ४ किलोमीटर जाते. जुन्या कूप रस्त्यावरूनच ती नेल्यास झाडे तोडण्याचा प्रसंग बहुधा येणार नाही. अभयारण्य व व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रात मात्र वन्यजीव कायद्याच्या वेगळ्या परवानग्या लागतात, आणि ताडोबा-अंधारीच्या गाभाक्षेत्रातून अशी वाट सुचवूच नये.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क प्राप्त झालेल्या ग्रामसभा आपल्या व्यवस्थापन आराखड्यातच वाटांचा विचार करू शकतात: कोणती वाट मोटारींना खुली ठेवावी, कोणत्या तोंडाशी खांब रोवून फक्त सायकल व माणूस जाईल एवढेच अंतर सोडावे, हे गावाला बाहेरच्या कोणाहीपेक्षा चांगले कळते.

वाघाविषयी बोलल्याशिवाय या विषयाचा विचार पुरा होत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात वाघांची संख्या मोठी आहे आणि माणसांवरील हल्ल्यांच्या घटना वारंवार घडतात. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्तीही गडचिरोलीत वावरू लागले. सायकल आवाज न करता जाते, हा तिचा गुण जंगलात धोक्याचाही ठरतो. म्हणून सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर या वाटांचा वापर टाळावा, मुलांनी चौघापाचांच्या गटाने जावे आणि घंटी वाजवीत राहावे. वाटेच्या दोन्ही बाजूंस काही मीटरपर्यंत झुडपे व रानतुळस साफ ठेवल्यास पुढचे दूरवर दिसते. ही सफाई पावसाळा संपताच व्हावयास हवी. ज्या भागात वाघाचा वावर नोंदला गेला असेल, तेथील वाट वनरक्षकाने बंद ठेवावी आणि तसा निरोप त्याच दिवशी शाळेत पोहोचवावा. त्या काळात मुलांना बसने आणण्याची व्यवस्था आगारप्रमुखांशी आधीच बोलून ठेवलेली बरी.

प्रारंभ लहान असावा. शिक्षकांनी आठवीपुढील मुली कोणकोणत्या गावांहून, कोणत्या वाटेने येतात हे एका नकाशावर मांडावे. त्या वाटेवर कोठे नाला आडवा येतो, कोठे हमरस्ता ओलांडावा लागतो, याच्या खुणा त्यांनाच करू द्याव्यात. असा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवला की कोणता रपटा आधी बांधावयाचा याचा निर्णय सोपा जातो. रपट्याच्या दोन्ही टोकांस पाण्याची पातळी दर्शविणारे खांब उभारावेत आणि त्यांवर गुडघाभर उंचीशी तांबडा पट्टा रंगवावा: पाणी त्या पट्ट्याला टेकले, तर त्या दिवशी सायकल अलीकडच्या तीरावरूनच परत फिरेल.