मिरीचं पाणी आणि रॉयल सोसायटी
28 नोव्हेंबर 1660 रोजी लंडनच्या ग्रेशम कॉलेजात क्रिस्टोफर रेनचं व्याख्यान झालं. त्यानंतर बारा जणांनी प्रयोगांसाठी दर आठवड्याला जमायचं ठरवलं. त्याच मंडळाची पुढे रॉयल सोसायटी झाली. ‘कुणाच्याही शब्दावर विसंबू नका’ हे तिचं ब्रीद, आणि ते तिने पाळलंही.

डेल्फ्टच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने सोसायटीला पत्रातून कळवलं, की पाण्यात इवले जीव वळवळताना दिसतात. सभासदांना पटेना. मग 1677 मध्ये त्यांच्यातल्याच रॉबर्ट हूकने मिरी भिजवलेलं पाणी बारीक काचनळीत भरलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि ते जीव सर्वांना दाखवले. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या लेवेनहूकला 1680 मध्ये सभासदत्व मिळालं. संस्थेचा खरा मोठेपणा मला इथे दिसतो.

पुढे संस्थेचे पहिले भारतीय सभासद ठरले तेही मुंबईचे: जहाजबांधणीतले अर्देशीर कर्सेटजी वाडिया, 1841.